घन मिश्रणातून कार्बोक्झिलिक आम्ल वेगळे काढण्याची आणि ओळखण्याची पद्धत

बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात दोन सेंद्रिय घनपदार्थांचे मिश्रण देऊन ते वेगळे करायला आणि ओळखायला सांगितले जाते. त्यातला एक घटक कार्बोक्झिलिक आम्ल असला, की काम सोपे समजले जाते, आणि बरेचसे निकाल नेमके तिथेच बिघडतात. बेंझॉइक आम्ल आणि २-नॅफ्थॉल यांचे मिश्रण घ्या. दोन्ही पांढरट, दोन्ही थंड पाण्यात जेमतेम विरघळणारे, दोन्ही सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सहज विरघळणारे, आणि दोन्हींचा द्रवणांक १२२ °से च्या आसपास. ज्याने विलगीकरण नीट केले नाही, त्याला द्रवणांकही वाचवत नाही. या लेखात हेच मिश्रण उदाहरणादाखल घेतले आहे, मात्र पद्धत बहुतेक घन कार्बोक्झिलिक आम्लांना लागू पडते, आणि जिथे पडत नाही तिथे तसे सांगितले आहे.

कोणते द्रावण आधी आणि कोणते नंतर, हे पाठ करून भागत नाही. त्यामागचे कारण एकच आहे, आणि ते लक्षात आले तर पुढचा प्रत्येक टप्पा आपोआप आपल्या जागी बसतो.

### सुरुवातीला समजून घ्यायची एकच गोष्ट: आम्लांची उतरंड

तीव्र आम्ल हे आपल्यापेक्षा सौम्य आम्लाला त्याच्या क्षारातून बाहेर काढते. आपल्या कामापुरती उतरंड अशी आहे: सर्वांत वर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्याखाली बेंझॉइक आम्ल (पीकेए, म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, ४.२०), त्याखाली कार्बोनिक आम्ल (६.३५), आणि सर्वांत खाली २-नॅफ्थॉल (सुमारे ९.५) व साधे फिनॉल (सुमारे १०). पीकेए जितका कमी, तितके आम्ल तीव्र.

सोडियम बायकार्बोनेट हा कार्बोनिक आम्लाचा क्षार आहे. बेंझॉइक आम्ल कार्बोनिक आम्लापेक्षा वरच्या पायरीवर असल्याने ते त्याला हुसकावते, कार्बन डायऑक्साइड फसफसून निघून जातो आणि पाण्यात विरघळणारे सोडियम बेंझोएट तयार होते. २-नॅफ्थॉल खालच्या पायरीवर असल्याने त्याला हे जमत नाही, म्हणून ते घन अवस्थेतच राहते. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये मात्र हा भेद उरत नाही, तिथे दोन्ही विरघळतात. आम्ल आणि फिनॉल वेगळे करायचे असतील तर बायकार्बोनेट आधी आणि हायड्रॉक्साइड नंतर, हा क्रम यातूनच येतो.

सोडियम कार्बोनेट ‘थोडे अधिक जोरकस बायकार्बोनेट’ समजून वापरण्याची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडावी. बायकार्बोनेट आयनाचा पीकेए १०.३ आहे, म्हणजे फिनॉल आणि नॅफ्थॉल दोन्ही त्याच्यापेक्षा तीव्र ठरतात आणि कार्बोनेटच्या द्रावणात काही प्रमाणात उतरतात.

### पूर्वतयारी

४ ग्रॅम मिश्रणासाठी पुढील गोष्टी हाताशी ठेवाव्यात: ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचे ताजे द्रावण १०० मिली (१०० मिली पाण्यात ५ ग्रॅम), १:१ हायड्रोक्लोरिक आम्ल (संहत आम्ल आणि पाणी सम घनफळाने), २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, खल-बत्ता, २५० मिलीचे दोन बीकर, काचकांडी, बुख्नर फनेल व सक्शन पंप, पीएच पेपर किंवा काँगो रेड पेपर, बर्फ, सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण आणि विरल नायट्रिक आम्ल.

बायकार्बोनेटचे द्रावण खोलीच्या तापमानाच्या पाण्यात करावे. लवकर विरघळावे म्हणून पाणी उकळणे ही चूक आहे. तापवल्यावर बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊ लागते, आणि त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

बीकर मोठा का, असा प्रश्न पडतो. फेस येतो म्हणून. १०० मिलीच्या बीकरमध्ये ७० मिली द्रावण आम्लधर्मी करायला घेतले, तर निम्मा पदार्थ टेबलावर सांडतो.

### टप्पा १: मिश्रण बारीक करणे आणि प्रकार ठरवणे

१. मिळालेल्या मिश्रणापैकी थोडा भाग मूळ अवस्थेत बाजूला ठेवावा. काही चुकले तर पुन्हा सुरुवात करायला तोच कामी येतो.

२. उरलेले मिश्रण खलात पिठासारखे बारीक करावे. या पायरीकडे कमालीचे दुर्लक्ष होते. जाडसर कणात आम्लाभोवती नॅफ्थॉलचे वेष्टण राहते, बायकार्बोनेट आतपर्यंत पोचत नाही, आणि मग ‘पूर्ण धुतले’ असे वाटूनही अवशेषात आम्ल शिल्लक असते.

३. चिमूटभर मिश्रण परीक्षानळीत घेऊन त्यावर ३ मिली बायकार्बोनेट घालावे. बुडबुडे येतात का ते पाहावे, नळी हलवावी, गाळावे आणि गाळलेल्या द्रावणात थेंबाथेंबाने हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. पांढरा अवक्षेप आला तर कार्बोक्झिलिक आम्ल आहे असे धरून पुढे जावे.

४. गाळणकागदावर उरलेला भाग पाण्याने धुऊन त्यावर सोडियम हायड्रॉक्साइड घालावे. तो विरघळला आणि आम्ल घातल्यावर पुन्हा बाहेर आला, तर दुसरा घटक फिनॉल वर्गातला आहे. विरघळला नाही तर नव्या चिमटीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची परीक्षा घ्यावी. त्यात विरघळला तर अमाइनसारखा आम्लारिधर्मी, नाही तर उदासीन.

सावधान: फक्त बुडबुड्यांवर निर्णय देऊ नये. अमाइनचे हायड्रोक्लोराइड आणि सल्फॉनिक आम्ले हीसुद्धा बायकार्बोनेटबरोबर फसफसतात. २,४-डायनायट्रोफिनॉल (पीकेए सुमारे ४) आणि पिक्रिक आम्ल ही नावाने फिनॉल असली तरी उतरंडीत कार्बोनिक आम्लाच्या वर बसतात. उलट बाजूने पाहिले तर स्टिअरिक आम्लासारखे लांब साखळीचे आम्ल साबणासारखा फेस देते आणि बुडबुडे स्पष्ट दिसतच नाहीत. विरघळणे आणि आम्लाने परत बाहेर येणे, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच निष्कर्ष काढावा.

सावधान: बुडबुडे जोरात आले पण आम्ल घातल्यावर अवक्षेप आलाच नाही, तर ऑक्झॅलिक, टार्टारिक किंवा सायट्रिक आम्लासारखे पाण्यात सहज विरघळणारे आम्ल असण्याचा संभव आहे. अशा मिश्रणाला पुढची पद्धत लावू नये. दुसरा घटक पाण्यात अविद्राव्य असेल तर मिश्रण थंड पाण्यानेच धुऊन गाळावे आणि गाळलेले द्रावण वॉटर बाथवर आटवून आम्लाचे स्फटिक मिळवावेत.

### टप्पा २: मुख्य विलगीकरण

५. ४ ग्रॅम बारीक मिश्रण बीकरमध्ये घेऊन त्यावर ४० मिली बायकार्बोनेट तीन-चार हप्त्यांत घालावे. प्रत्येक हप्त्यानंतर फेस बसू द्यावा आणि काचकांडीने गुठळ्या दाबून फोडाव्यात.

६. फसफसणे थांबल्यावरही पाच-सात मिनिटे ढवळत राहावे. घन आम्लाची द्रावणाशी क्रिया पृष्ठभागावरच होते, त्यामुळे ती हळू चालते. इथे बर्नर पेटवण्याचा मोह आवरावा.

७. गाळावे. अवशेष पुन्हा बीकरमध्ये घेऊन १५ मिली ताज्या बायकार्बोनेटने आणखी एकदा ढवळावे, गाळावे, आणि शेवटी १० ते १५ मिली थंड पाण्याने धुवावे. तिन्ही गाळलेली द्रावणे एकत्र करावीत.

प्रमाण किती घ्यावे, याचा हिशेब एकदा तरी कागदावर करून पाहावा. २ ग्रॅम बेंझॉइक आम्ल म्हणजे १६.४ मिलिमोल, आणि त्याला १.३८ ग्रॅम बायकार्बोनेट, म्हणजे ५ टक्के द्रावणाचे सुमारे २८ मिली, पुरेसे होते. आपण ५५ मिली वापरले. मिश्रणात आम्ल नेमके किती आहे हे आधी माहीत नसते, म्हणून एवढी सूट ठेवणे योग्य आहे. पण ‘असू द्यावे जास्तीचे’ म्हणून दीडशे मिली ओतणे योग्य नाही. त्याची किंमत चौथ्या टप्प्यात मोजावी लागते.

तपासणी: दुसऱ्या धुण्यातले १ मिली द्रावण परीक्षानळीत घेऊन हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करावे. गढूळपणा अगदी किरकोळ असेल किंवा नसेल तरच पुढे जावे. दाट अवक्षेप आला तर तिसऱ्यांदा बायकार्बोनेट वापरावे.

### टप्पा ३: उरलेला घटक

अवशेष म्हणजे आपल्या उदाहरणातले २-नॅफ्थॉल. तो पाण्याने धुऊन, वाळवून, पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणातून स्फटिकीकरण करून स्वतंत्रपणे ओळखावा. दुसरा घटक उदासीन असेल, उदाहरणार्थ नॅफ्थॅलिन (द्रवणांक ८० °से), तरी कृती हीच. नॅफ्थॅलिन साध्या तापमानालाही हळूहळू उडते, म्हणून ते ओव्हनमध्ये ठेवू नये.

### टप्पा ४: द्रावणातून आम्ल परत मिळवणे

सर्वाधिक आम्ल वाया जाते ते या टप्प्यात.

८. गाळलेले द्रावण २५० मिलीच्या बीकरमध्ये घेऊन बर्फात ठेवावे. द्रावण गढूळ दिसत असेल तर आधीच पुन्हा गाळून घ्यावे, कारण तो गढूळपणा म्हणजे निसटलेले नॅफ्थॉल असते आणि ते आता आम्लाच्या अवक्षेपात मिसळेल.

९. १:१ हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत घालावे. सुरुवातीला फक्त फेस येतो, अवक्षेप येत नाही, आणि काही जण घाबरून थांबतात. इथेही उतरंडच काम करते: घातलेले आम्ल आधी शिल्लक बायकार्बोनेट संपवते आणि नंतर बेंझोएटकडे वळते.

१०. किती आम्ल लागेल, हेही आधीच सांगता येते. वापरलेल्या प्रत्येक मोल बायकार्बोनेटमागे एक मोल हायड्रोक्लोरिक आम्ल लागते, मग ते बायकार्बोनेट मधल्या काळात बेंझोएट झालेले असो वा नसो. ५५ मिली द्रावणात ३३ मिलिमोल बायकार्बोनेट होते, तेव्हा १:१ आम्लाचे, म्हणजे साधारण ६ मोलरचे, सुमारे ५.५ मिली लागणार. त्याहून थोडे अधिक घालून थांबावे.

११. शेवट लिटमसवर ठरवू नये. लिटमस ४.५ पीएचच्या आसपास पूर्ण लाल झालेला असतो, पण बेंझॉइक आम्लाचा पीकेए ४.२० असल्यामुळे त्या क्षणी विरघळलेल्या प्रत्येक भाग आम्लामागे सुमारे दोन भाग बेंझोएट अजून द्रावणातच असते. म्हणजे जेवढे आम्ल पाण्यात राहणे अटळ आहे, त्याच्या तिप्पट माल द्रावणात अडकतो. पीएच पेपरवर २ येईपर्यंत किंवा काँगो रेड स्पष्ट निळा होईपर्यंत आम्ल घालावे.

१२. अवक्षेप आल्यावर बीकर बर्फात किमान पंधरा मिनिटे ठेवावा आणि मगच गाळावे. बेंझॉइक आम्ल पाण्यात २५ °से ला लिटरमागे ३.४ ग्रॅम आणि ० °से ला १.७ ग्रॅम विरघळते. आपल्याकडे ७० मिली द्रावण आहे, तेव्हा थंड न करता गाळले तर ०.२४ ग्रॅम आणि बर्फात थंड करून गाळले तर ०.१२ ग्रॅम वाया जाते. दीडशे मिली बायकार्बोनेट वापरले असते तर हा तोटा दुपटीच्या वर गेला असता. अनुभवाने सांगतो, वेळ कमी पडत असेल तर दुसरीकडे कुठेही घाई करावी, पण ही पंधरा मिनिटे सोडू नयेत.

सावधान: अमिनो गट असलेले आम्ल, उदाहरणार्थ अँथ्रानिलिक आम्ल (द्रवणांक १४६ °से), जास्त हायड्रोक्लोरिक आम्लात पुन्हा विरघळते. अवक्षेप येऊन नाहीसा झाला तर पदार्थ गेला असे समजू नये. द्रावण बायकार्बोनेटने जवळजवळ उदासीन करावे आणि मग असेटिक आम्ल थेंबाथेंबाने घालून अवक्षेप परत आणावा.

### टप्पा ५: धुणे

१३. बुख्नर फनेलवरचा अवक्षेप ५-५ मिली बर्फगार पाण्याने दोन-तीनदा धुवावा. धुताना सक्शन बंद ठेवावे, पाणी अवक्षेपात मुरू द्यावे आणि मग सक्शन चालू करावे. सक्शन चालू ठेवून वरून पाणी ओतले तर ते भेगांमधून सरळ खाली जाते आणि धुणे नावापुरतेच होते.

तपासणी: शेवटच्या धुण्याच्या पाण्यात आधी विरल नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट घालावे. पांढरा गढूळपणा आला तर क्लोराइड शिल्लक आहे, म्हणून आणखी एकदा धुवावे. ही तपासणी बहुतेक जण गाळतात. अवक्षेपात राहिलेले हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मीठ शेवटच्या टप्प्यात सममूल्यभार (एका कार्बोक्झिल गटामागचा रेणुभार) बिघडवतात, आणि तोपर्यंत चूक कुठे झाली हे शोधणे कठीण झालेले असते.

### टप्पा ६: स्फटिकीकरण

बेंझॉइक आम्लासाठी पाणी हा उत्तम विद्रावक आहे. उकळत्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे ५६ ग्रॅम विरघळते आणि बर्फाच्या तापमानाला १.७ ग्रॅम. हा मोठा फरकच आपल्या कामाचा.

१४. १.५ ग्रॅम कच्च्या आम्लाला सिद्धांताने २७ मिली उकळते पाणी पुरते. प्रत्यक्षात ३० मिलीने सुरुवात करून उकळी आणावी आणि सर्व विरघळेपर्यंत थोडे थोडे गरम पाणी घालावे. साधारण ४० ते ५० मिलीत काम होते.

१५. उकळत्या पाण्यात तळाशी तेलकट थेंब दिसले तर ती अशुद्धी समजून काढून टाकू नये. तो वितळलेला आम्लच असतो. आणखी थोडे गरम पाणी घातले की थेंब विरघळतात.

१६. द्रावण रंगीत असेल तर बर्नर बाजूला करून, उकळी पूर्ण शमल्यावर चिमूटभर सक्रिय कोळसा घालावा आणि मग पुन्हा दोन मिनिटे उकळावे. उकळत्या द्रावणात कोळसा टाकला तर ते उसळून हातावर येते.

१७. गरम असतानाच, आधी तापवलेल्या फनेलमधून, चुण्या घातलेल्या गाळणकागदावर गाळावे. फनेल थंड असेल तर स्फटिक त्याच्या दांडीतच धरतात आणि गाळणे थांबते. तसे झालेच तर थोडे उकळते पाणी वरून सोडावे.

१८. द्रावण टेबलावर, न हलवता, सावकाश थंड होऊ द्यावे, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच बर्फात ठेवावे. एकदम बर्फात ठेवल्यास बारीक चुरा पडतो आणि त्यात अशुद्धी अडकते. सावकाश थंड केल्यास चकचकीत, चपट्या सुया दिसतात.

सॅलिसिलिक आणि सिनॅमिक आम्लालाही गरम पाणी चालते, पण सिनॅमिक आम्लाला ते बरेच जास्त लागते, म्हणून पाण्यात थोडे अल्कोहोल मिसळणे सोयीचे ठरते.

सावधान: ‘अजून थोडे’ म्हणून १५० मिली पाणी घातले आणि खोलीच्या तापमानालाच गाळले, तर अर्धा ग्रॅम आम्ल गाळलेल्या पाण्यात जाते. पाणी जास्त झालेच असेल तर ते उकळून आटवावे.

### टप्पा ७: वाळवणे आणि द्रवणांक

१९. स्फटिक गाळणकागदाच्या घड्यांमध्ये दाबून टिपावेत आणि डेसिकेटरमध्ये निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर रात्रभर ठेवावेत. तेवढा वेळ नसेल तर पातळ थर पसरून ६० ते ७० °से ला ओव्हनमध्ये वाळवावे. १०० °से वर ठेवू नये. बेंझॉइक आम्लाचे संप्लवन होते (ते न वितळताच वाफ होऊन उडते), म्हणून वजन कमी होते आणि ओव्हनच्या थंड भागावर पांढऱ्या सुया जमतात.

२०. वाळलेला नमुना बारीक करून केशनळीत २ ते ३ मिलिमीटर उंचीपर्यंत ठासून भरावा. सैल भरला तर मधल्या हवेमुळे तो अपेक्षेपेक्षा उशिरा वितळल्यासारखा दिसतो.

२१. थिले ट्यूबमध्ये लिक्विड पॅराफिन वापरावे. अपेक्षित द्रवणांकाच्या १५ ते २० अंश अलीकडेपर्यंत लवकर तापवावे आणि तिथून पुढे मिनिटाला १ ते २ अंशांहून अधिक चढू देऊ नये. पहिला द्रव दिसला ते आणि सर्व पारदर्शक झाले ते, अशी दोन्ही तापमाने नोंदवावीत.

शुद्ध आम्ल एक-दोन अंशांच्या आत वितळते. नमुना ओला किंवा अशुद्ध असेल तर द्रवणांक खाली येतो आणि पसरतो. तुलनेसाठी नेहमीच्या आम्लांचे द्रवणांक असे आहेत: बेंझॉइक १२२ °से, सिनॅमिक १३३ °से, सॅलिसिलिक १५९ °से, सक्सिनिक सुमारे १८५ °से. थॅलिक आम्ल २०० °से च्या वर विघटन होत वितळते, म्हणून त्याच्या द्रवणांकावर फार भिस्त ठेवू नये.

तपासणी: १२२ °से आला म्हणून हात आखडता घेऊ नये, कारण २-नॅफ्थॉलही तिथेच वितळते. बाटलीतले शुद्ध बेंझॉइक आम्ल आणि आपला नमुना सम प्रमाणात एकत्र दळून त्या मिश्रणाचा द्रवणांक घ्यावा. तो १२२ °से च राहिला तर पदार्थ एकच आहे, आणि बराच खाली येऊन पसरला तर पदार्थ दुसराच आहे. चार मिनिटांच्या या कामाने बाकीच्या सगळ्या शंका मिटतात.

### टप्पा ८: ओळख पटवणाऱ्या चाचण्या

मूलद्रव्यांची परीक्षा आधी उरकावी, म्हणजे नायट्रोजन किंवा हॅलोजन असलेली आम्ले यादीतून गळतात किंवा उरतात.

फेरिक क्लोराइडची चाचणी बहुधा चुकीची केली जाते. बाटलीतले फेरिक क्लोराइड आम्लधर्मी असते, म्हणून त्यात विरल अमोनिया थेंबाथेंबाने घालून किंचित टिकाऊ तांबूस गढूळपणा आणावा, गाळावे आणि तेच उदासीन द्रावण वापरावे. दुसऱ्या बाजूने, आपले आम्लही क्षाराच्या रूपात असायला हवे: ते थोड्या जादा अमोनियात विरघळवून, अमोनियाचा वास पूर्ण जाईपर्यंत उकळावे आणि थंड करावे. अमोनिया राहिला तर फेरिक हायड्रॉक्साइडचा तांबडा गाळ पडतो, आणि तो सक्सिनिक आम्लाचा तांबूस-तपकिरी अवक्षेप समजला जातो. नीट केलेल्या चाचणीत बेंझोएट फिकट बदामी अवक्षेप देते आणि सॅलिसिलेट गर्द जांभळा रंग देते.

सिनॅमिक आम्लाचा दुहेरी बंध ब्रोमीनचा रंग घालवतो. थॅलिक आम्लासाठी रिसॉर्सिनॉल आणि संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवून, थंड करून, भरपूर सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ओतल्यावर हिरवी प्रतिदीप्ती दिसते, मात्र शेजारी फक्त रिसॉर्सिनॉलची कोरी चाचणी ठेवावी.

आपल्या नमुन्यात नॅफ्थॉल राहिले आहे का, हे पाहण्याची चांगली चाचणी अझो रंगाची आहे. अॅनिलिन विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून ०ते ५ °से ला सोडियम नायट्राइट घालावे आणि हे द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवलेल्या आपल्या नमुन्यात ओतावे. नारिंगी-लाल रंग आला तर नॅफ्थॉल शिल्लक आहे, आणि नमुना पुन्हा बायकार्बोनेटमधून काढावा लागेल.

### टप्पा ९: अनुमापनाने सममूल्यभार काढणे

द्रवणांक जवळजवळ असलेली आम्ले वेगळी ओळखायला सममूल्यभारासारखा साक्षीदार नाही. आम्लाचा रेणुभार भागिले कार्बोक्झिल गटांची संख्या, म्हणजे सममूल्यभार. बेंझॉइक १२२.१, सॅलिसिलिक १३८.१, सिनॅमिक १४८.२, तर दोन गटांच्या थॅलिकचा ८३.१ आणि सक्सिनिकचा ५९.०. सॅलिसिलिकमधला फिनॉल गट इतका सौम्य आहे की तो या अनुमापनात मोजला जात नाही.

२२. सोडियम हायड्रॉक्साइडचे अंदाजे ०.१ नॉर्मल द्रावण करावे आणि ऑक्झॅलिक आम्लाने त्याची नेमकी नॉर्मॅलिटी काढावी. स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल १०० मिलीत ०.६३ ग्रॅम घेतले की ०.१ नॉर्मल द्रावण होते. हायड्रॉक्साइड वजन करून थेट प्रमाणित समजणे चूक आहे, कारण त्याच्या गोळ्या हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषतात.

२३. २० मिली अल्कोहोलमध्ये फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकून ब्युरेटमधून हायड्रॉक्साइडचे थेंब सोडत ते अगदी फिकट गुलाबी करावे. अल्कोहोलमधली मूळची आम्लता अशी आधीच संपवली नाही, तर ती आपल्या आम्लाच्या खात्यावर जमा होते.

२४. नेमके वजन केलेले सुमारे ०.२ ग्रॅम कोरडे आम्ल या अल्कोहोलमध्ये विरघळवावे. तापवण्याची गरज पडली तर वॉटर बाथ वापरावा, उघडी ज्योत जवळ ठेवू नये. २० मिली उकळून थंड केलेले डिस्टिल्ड पाणी घालावे आणि गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकेपर्यंत अनुमापन करावे.

२५. सूत्र: ग्रॅममधले वजन गुणिले १०००, भागिले मिलीतले घनफळ गुणिले नॉर्मॅलिटी. ०.२०० ग्रॅम आम्लाला ०.१ नॉर्मलचे १६.४ मिली लागले तर सममूल्यभार १२२.० येतो.

दर्शक म्हणून मिथिल ऑरेंज वापरू नये. ते ३.१ ते ४.४ पीएचच्या दरम्यान रंग बदलते, आणि ४.२ ला तर निम्मेच बेंझॉइक आम्ल उदासीन झालेले असते. या अनुमापनाचा खरा शेवट ८.४ पीएचच्या आसपास येतो, तिथे फिनॉल्फ्थॅलिनच हवे.

उत्तर अपेक्षेपेक्षा जास्त आले तर नमुना ओला आहे, त्यात नॅफ्थॉलसारखा न मोजला जाणारा पदार्थ आहे, किंवा धुताना मीठ राहिले आहे. कमी आले तर हायड्रोक्लोरिक आम्ल राहिले आहे किंवा अल्कोहोल आधी उदासीन केलेले नाही. ब्युरेट वाचण्यात ०.१ मिलीची चूक झाली तरी उत्तर पाऊण एककानेच हलते, तेव्हा १२२ च्या जागी १३० येणे ही वाचण्याची चूक नव्हे. त्या वेळी पाचव्या आणि सातव्या टप्प्याकडे परत जावे.

जर्नलमध्ये विलग झालेल्या आम्लाचे वजन, द्रवणांकाची दोन्ही टोके, मिश्र द्रवणांक आणि अनुमापनाची किमान दोन जुळणारी वाचने लिहावीत. द्रवणांक १२२ °से पण सममूल्यभार १४८ असे एकमेकांशी न पटणारे आकडे आले, तर सोयीचा आकडा निवडून नाव लिहू नये: बहुधा सिनॅमिक आम्लच अशुद्ध राहून लवकर वितळलेले असते, आणि पुन्हा एकदा स्फटिकीकरण केल्यावर त्याचा द्रवणांक १३३ °से कडे सरकतो.